लंडन–न्यूयॉर्क : जाताना आठ तास, येताना सात

आंतरराष्ट्रीय विमानांचे एखादे वेळापत्रक हाती लागले तर ते वर्गात जरूर न्यावे. त्यात लंडन आणि न्यूयॉर्क या दोन शहरांची ओळ शोधावी. समजा, लंडनहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी २ वाजता उतरते. न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ वाजता निघालेले विमान लंडनला दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता पोहोचते. नुसती घड्याळे पाहिली तर एक प्रवास तीन तासांचा आणि दुसरा बारा तासांचा! या दोन शहरांच्या प्रमाणवेळांत पाच तासांचा फरक आहे एवढे सांगितले की आठवी-नववीचे विद्यार्थी हिशेब सुधारून घेतात. जाताना तीन अधिक पाच म्हणजे आठ तास, येताना बारा वजा पाच म्हणजे सात तास. इथपर्यंत ठीक. खरा प्रश्न यानंतरचा आहे. अंतर तेच, विमान तेच, मग मधला एक तास गेला कुठे?

हा प्रश्न वर्गात टाकला की एक उत्तर हमखास येते. शिक्षकांच्या खोलीत टाकला तरी बहुधा तेच येते : "पृथ्वी फिरते म्हणून." विमान हवेत असताना खाली पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत राहते, त्यामुळे एका दिशेचा प्रवास लवकर संपतो, असे हे उत्तर. ऐकायला ते पटते. पण दिशा तपासून पाहू या. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडनहून पश्चिमेला निघालेल्या विमानाच्या दिशेने न्यूयॉर्क सरकत येणार. मग जाण्याचा प्रवास लहान व्हायला हवा. प्रत्यक्षात तोच मोठा आहे! शिवाय दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे ७३ अंशांचा फरक आहे आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विमान खरोखरच पृथ्वीपासून सुटे होत असते तर, अक्षांशांतला फरक सोडून देऊ, लंडनवर नुसते अधांतरी थांबूनही पाच तासांत न्यूयॉर्क खाली आले असते. इंधन जाळायची गरजच नव्हती. तसे होत नाही, कारण धावपट्टीवर उभे असलेले विमान, त्यातले प्रवासी आणि भोवतालची हवा हे सगळेच पृथ्वीबरोबर फिरत असते. चालत्या आगगाडीच्या डब्यात वर फेकलेला चेंडू आपल्याच हातात परत पडतो, तसेच हे.

हे चुकीचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हसू नये. त्याच्या आधी हीच चूक एका फार मोठ्या माणसाने केली आहे.

टपालाची दिरंगाई

अमेरिकेहून इंग्लंडला जाणारी जहाजे लवकर पोहोचतात आणि इंग्लंडहून येणारी उशिरा, हे खलाशांना अठराव्या शतकात चांगले माहीत होते. १७४६ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या एका विद्वान मित्राला लिहिलेल्या पत्रात याचे कारण पृथ्वीच्या दैनंदिन भ्रमणात शोधण्याचा प्रयत्न केला. विजेवरच्या प्रयोगांमुळे जगभर नाव होण्यापूर्वीची ही गोष्ट.

पुढे ते अमेरिकन वसाहतींचे टपालप्रमुख झाले आणि हाच प्रश्न तक्रारीच्या रूपाने त्यांच्यासमोर आला. इंग्लंडमधील फॅल्मथ बंदरातून न्यूयॉर्कला येणारी सरकारी टपालजहाजे, लंडनहून ऱ्होड आयलंडला येणाऱ्या व्यापारी जहाजांपेक्षा पंधरा-पंधरा दिवस उशिरा का पोहोचतात? ऱ्होड आयलंड काही न्यूयॉर्कपासून फार दूर नाही. उलट व्यापारी जहाजांना लंडनहून थेम्स नदी आणि इंग्लिश खाडी ओलांडण्याचा जादा प्रवास असे. फ्रँकलिन यांनी आपले नातलग, नॅन्टकेट बेटावरचे अनुभवी दर्यावर्दी टिमोथी फोल्जर यांना विचारले. फोल्जर यांचे उत्तर सरळ होते. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून ईशान्येकडे एक वेगवान उष्ण प्रवाह वाहतो. देवमाशांच्या शिकारीमुळे आमच्या लोकांना त्याच्या कडा ठाऊक आहेत, म्हणून ऱ्होड आयलंडचे कप्तान तो टाळून येतात. टपालजहाजांचे इंग्रज कप्तान मात्र त्या प्रवाहाविरुद्ध झुंजत बसतात, आणि सांगितले तरी ऐकत नाहीत. १७६९ च्या सुमारास फ्रँकलिन यांनी या प्रवाहाचा, म्हणजे गल्फ स्ट्रीमचा, नकाशा छापून घेतला. तोही त्या कप्तानांनी फारसा मनावर घेतला नाही.

फोल्जर यांच्या उत्तरातली गोम अशी, की जहाज पाण्यातून किती चालले आणि जमिनीच्या हिशेबाने किती पुढे गेले, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विमानाच्या बाबतीत पाण्याच्या जागी हवा घालायची, एवढाच फरक. पण हे कळायला आणि नीट मोजायला माणसाला आणखी पावणेदोनशे वर्षे लागली, आणि त्यात काहींचे प्राणही गेले.

दोऱ्याने मोजलेले अंतर

त्या हवेकडे वळण्यापूर्वी अंतराचा प्रश्न मिटवू. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंशांवर. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात दोहोंना जोडणारी सरळ रेघ काढली तर ती अटलांटिकच्या मधोमध, बरीच दक्षिणेकडून जाते. तिच्यावरून उडत गेल्यास अंतर भरते सुमारे ५,७६५ कि.मी. आता पृथ्वीचा गोल घ्या, एक दोरा घ्या आणि दोन शहरांमध्ये तो ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकेल. हा झाला बृहद्वृत्ताचा मार्ग, गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग. ज्यांना दहावीनंतरचे त्रिकोणमितीचे सूत्र वापरता येते त्यांनी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घालून पाहावे. पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन सुमारे ४९.८ अंश येतो, आणि दर अंशाला १११.२ कि.मी. धरल्यास अंतर सुमारे ५,५४० कि.मी. म्हणजे नकाशावरच्या "सरळ" मार्गापेक्षा सव्वादोनशे कि.मी. कमी.

दोरा धरलेलाच ठेवा आणि त्याखालची नावे वाचा. न्यूयॉर्कहून निघाल्यावर तो बोस्टनच्या बाजूने, नोव्हा स्कॉशियावरून, न्यूफाउंडलंड बेटावर जातो. मग मोठा समुद्र, आणि पलीकडे थेट आयर्लंडचा पश्चिम किनारा. न्यूफाउंडलंडवर दोऱ्याच्या अगदी खाली गँडर नावाचे गाव येते, आणि आयर्लंडमध्ये शॅनन. दोन्ही ठिकाणी १९३०-४० च्या दशकांत प्रचंड विमानतळ उभे राहिले. गँडरला तर तेव्हा झाडी आणि दलदलीखेरीज काही नव्हते. तिथे विमानतळ बांधण्याचे कारण हा दोरा. गँडर ते शॅनन अंतर सुमारे ३,१८० कि.मी. आहे. न्यूयॉर्क–लंडन प्रवासात ज्यावर कुठेही उतरता येत नाही असा समुद्र एवढाच. बाकीचा प्रवास जमिनीच्या कडेकडेने होतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश अचानक बंद झाले तेव्हा अटलांटिकवर असलेली ३८ प्रवासी विमाने या गँडरला उतरली. दहा हजार वस्तीच्या गावाने साडेसहा हजारांहून अधिक पाहुण्यांना शाळांमध्ये, सभागृहांत आणि घरांत ठेवून घेतले. दोरा अजूनही तिथूनच जातो!

एकाच जहाजाचे दोन प्रवास

हे ३,१८० कि.मी. विमानाने न थांबता पहिल्यांदा ओलांडले गेले ते १४-१५ जून १९१९ रोजी. जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राउन हे दोघे ब्रिटिश वैमानिक न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून व्हिकर्स विमी या बाँबफेकी विमानातून निघाले. धुके, ढग आणि बर्फ यांतून वाट काढत सोळा तासांनी ते आयर्लंडमधील क्लिफडेनजवळ उतरले. वरून हिरवेगार कुरण दिसले ती प्रत्यक्षात दलदल निघाली आणि विमान नाकावर उभे राहिले, पण दोघे सुखरूप होते. अंतर सुमारे ३,०४० कि.मी. होते, म्हणजे सरासरी वेग ताशी १८५ ते १९० कि.मी. आता गंमत अशी, की विमी विमानाचा स्वतःचा कमाल वेगच ताशी १६० कि.मी.च्या आसपास होता. कमाल वेगापेक्षा सरासरी वेग जास्त! उत्तरपत्रिकेत एखाद्याने असे लिहिले तर आपण लाल रेघ मारू. पण येथे ते खरे आहे, कारण उरलेला वेग पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा होता.

त्याच उन्हाळ्यात हा वारा मोजण्याची एक अपूर्व संधी मिळाली. आर-३४ हे ब्रिटिश एअरशिप, म्हणजे हायड्रोजनच्या पिशव्या पोटात घेऊन तरंगणारे सुमारे १९६ मीटर लांबीचे सिगारच्या आकाराचे धूड, २ जुलै १९१९ रोजी स्कॉटलंडमधील ईस्ट फॉर्च्यून येथून निघाले. न्यूयॉर्कजवळच्या मिनिओला येथे ते पोहोचले ६ जुलैला. एकूण वेळ १०८ तास १२ मिनिटे. शेवटच्या टप्प्यात वादळे आणि समोरचे वारे इतके होते की इंधन पुरेल की नाही याचीच शाश्वती राहिली नाही. अमेरिकन नौदलाला मदतीसाठी तयार राहायला सांगावे लागले. खाली एवढे मोठे एअरशिप बांधून घेण्याचा अनुभव असलेले कोणी नव्हते, म्हणून मेजर प्रिचर्ड यांनी सरळ पॅराशूटने उडी मारली आणि खाली जाऊन सूचना दिल्या. युरोपातून हवाई मार्गाने अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवणारा पहिला माणूस असा उडी मारून आला. (विनापरवानगी लपून बसलेला एक कर्मचारी आणि एक मांजरही आर-३४ वर होते. विद्यार्थ्यांना बाकीचे विसरले तरी हे लक्षात राहते, असे दिसते.)

चार दिवसांनी तेच एअरशिप, तीच एंजिने आणि तेच कप्तान, मेजर स्कॉट, परत निघाले. इंग्लंडमधील पुलहॅमला ते उतरले ७५ तास ३ मिनिटांत. जाताना १०८ तास, येताना ७५. उतरण्याची ठिकाणे आणि मार्ग थोडे निराळे होते हे खरे, पण एवढा फरक त्याने पडत नाही. एअरशिपचा स्वतःचा वेग कमी असतो, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम त्याच्यावर फार ठळक दिसतो. फुटबॉलचा आणि टेबल टेनिसचा चेंडू एकाच वाऱ्यात फेकून पाहावा, तसा काहीसा प्रकार.

१९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकटे न्यूयॉर्कहून पॅरिसला गेले, ते ३३ तास ३० मिनिटांत. त्यांच्या धाडसाच्या कथा सर्वश्रुत आहेत. शिक्षकांनी सांगण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्यांनी निघण्यापूर्वी नकाशावर बृहद्वृत्ताचा मार्ग आखला, त्याचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे केले आणि दर तासाला होकायंत्राची दिशा थोडी थोडी बदलत ते गेले. गोलावरचा वाकडा मार्ग असा लहान सरळ तुकड्यांनी साधला. आयर्लंडचा किनारा दिसला तेव्हा ते ठरलेल्या मार्गापासून जेमतेम पाच कि.मी. बाजूला होते. मात्र लिंडबर्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले, हे विसरू नये. त्यांच्या बारा दिवस आधी पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघालेले नुंजेसेर आणि कोली हे फ्रेंच वैमानिक परत दिसले नाहीत. त्यांचे नेमके काय झाले ते आजही कळलेले नाही, पण विमानाने युरोपहून अमेरिकेला न थांबता जाणे किती कठीण होते हे पुढच्या वर्षीच्या घटनेवरून दिसते. १२ एप्रिल १९२८ रोजी "ब्रेमेन" हे जर्मन विमान केल, फॉन ह्यूनफेल्ड आणि फिट्झमॉरिस या तिघांना घेऊन डब्लिनजवळून न्यूयॉर्ककडे निघाले. साडेछत्तीस तासांनंतर ते लॅब्राडोरजवळच्या ग्रीनली नावाच्या एका गोठलेल्या बेटावर उतरले. न्यूयॉर्क अजून बरेच लांब होते. लिंडबर्ग यांच्यापेक्षा तीन तास जास्त उडून ब्रेमेनने त्यांच्यापेक्षा बरेच कमी अंतर कापले! पूर्वेकडचे पहिले विनाथांबा उड्डाण १९१९ चे, पश्चिमेकडचे पहिले १९२८ चे. मधली नऊ वर्षे वाऱ्याने घेतली.

आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात एक नाव असते. ती प्रवाहाच्या दिशेने काही तासांत जाते, विरुद्ध दिशेने जास्त तासांत परत येते, आणि संथ पाण्यातील नावेचा वेग काढायचा असतो. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी हे उदाहरण सोडवतात आणि ही नाव कोणी कधी पाहिली, असे मनात म्हणतात. तर ती नाव ही घ्या. १० ऑगस्ट १९३८ रोजी फोके-वुल्फ कॉन्डोर हे चार एंजिनांचे जर्मन विमान बर्लिनहून निघून न थांबता न्यूयॉर्कला पोहोचले, २४ तास ५६ मिनिटांत. तीन दिवसांनी तेच विमान परत निघाले आणि वीस तासांच्या आत बर्लिनला उतरले. अंतर सुमारे ६,३७० कि.मी. सोयीसाठी २५ आणि २० तास धरू. जातानाचा वेग ताशी २५५ कि.मी., येतानाचा ३१९. दोहोंची बेरीज करून निम्मे केले की विमानाचा हवेतला वेग ताशी २८७ कि.मी., आणि वजाबाकी करून निम्मे केले की वाऱ्याचा वेग ताशी ३२ कि.मी. दोन दिवसांचा वारा सारखा नसतो, तेव्हा हे उत्तर ढोबळच. तरी पाठ्यपुस्तकातल्या नावेपेक्षा बरे.

उंचावरची नदी

इथवरची विमाने फार उंचावरून जात नव्हती. १९३९ च्या उन्हाळ्यात पॅन अमेरिकन कंपनीने पाण्यावर उतरणाऱ्या बोइंग ३१४ विमानांतून प्रवासी नेण्यास सुरुवात केली. एकेरी भाडे ३७५ डॉलर होते. उत्तरेकडच्या मार्गावर न्यूफाउंडलंडमधील बॉटवुड आणि आयर्लंडमधील फॉइन्स येथे थांबे होते. दोन्ही त्या दोऱ्याच्या जवळच! लगेच युद्ध सुरू झाले. नोव्हेंबर १९४० मध्ये सात हडसन बाँबफेकी विमाने गँडरहून रातोरात उत्तर आयर्लंडला नेण्यात आली आणि मग हिवाळ्यातही अटलांटिक ओलांडणे रोजचे होऊन गेले. धाडसाचे दिवस संपून वेळापत्रकाचे दिवस आले ते या युद्धामुळे.

उंचावरच्या वाऱ्याची खरी ओळख मात्र दुसऱ्याच महासागरावर झाली. टोकियोच्या उत्तरेला ताटेनो येथे हवामान-वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात फुगे सोडून त्यांचा दुर्बिणीने मागोवा घेत असत. हिवाळ्यात नऊ-दहा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून विलक्षण वेगाने वारा वाहतो, असे त्यांना आढळले. आपले काम जगभर वाचले जावे म्हणून १९२६ साली त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला तो एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत. परिणाम उलट झाला. जपानबाहेर तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची बी-२९ विमाने नऊ-दहा कि.मी. उंचीवरून जपानवर पोहोचली तेव्हा ताशी दोनशे कि.मी.हून अधिक वेगाच्या वाऱ्याने वैमानिकांचे सगळे आडाखे चुकवले. त्याच महिन्यापासून जपानने याच वाऱ्यावर स्वार करून बाँब बांधलेले सुमारे नऊ हजार फुगे पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडले. ओइशींच्या वाऱ्याचा उपयोग दोन्ही बाजूंना असा युद्धात कळावा, ही त्या शास्त्रज्ञाची शोकांतिकाच. १९४७ साली शिकागो येथे रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाऱ्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि "जेट स्ट्रीम" हे नाव रूढ झाले. मराठीत त्याला झोतवारा म्हणतात. काही शे कि.मी. रुंद, काही कि.मी. जाड आणि हजारो कि.मी. लांब अशी ही हवेची नदी नागमोडी वळणे घेत पृथ्वीभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. उत्तर अटलांटिकवर ती नेमकी लंडन–न्यूयॉर्क मार्गाच्या आसपास असते, आणि हिवाळ्यात तिला सर्वांत जोर असतो.

ती पूर्वेकडेच का वाहते? इथे "पृथ्वी फिरते म्हणून" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला निम्मे गुण द्यायला हरकत नाही. विषुववृत्तावरची जमीन आणि हवा पृथ्वीबरोबर पूर्वेकडे ताशी सुमारे १,६७० कि.मी. वेगाने जाते. ५० अंश अक्षांशावर हाच वेग १,०७० च्या आसपास भरतो. उष्ण प्रदेशातून वर चढून उत्तरेकडे जाणारी हवा आपला जास्त वेग बरोबर घेऊन जाते, त्यामुळे तिथल्या जमिनीच्या तुलनेत ती पूर्वेकडे पुढे धावते. या धर्तीचा विचार जॉर्ज हॅडली या इंग्रज वकिलाने व्यापारी वाऱ्यांबद्दल १७३५ सालीच मांडला होता. आजचे स्पष्टीकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ध्रुवीय थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या तापमानातील फरक त्यात मध्यवर्ती आहे, आणि हिवाळ्यात तो वाढतो म्हणून झोतवाराही वाढतो. तेव्हा पृथ्वीचे फिरणे विमानाला थेट मदत करत नाही. ते हवेला दिशा देते, आणि हवा विमानाला.

४ ऑक्टोबर १९५८ रोजी बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश कंपनीने कॉमेट-४ विमानांनी लंडन–न्यूयॉर्क जेट सेवा सुरू केली. एकाच दिवशी दोन्ही टोकांकडून विमाने निघाली. न्यूयॉर्कहून निघालेले न थांबता सहा तास आणि दहा-बारा मिनिटांत लंडनला पोहोचले. लंडनहून निघालेल्याला गँडरला उतरून इंधन घ्यावे लागले आणि त्याला दहा तासांहून अधिक वेळ लागला. तीन आठवड्यांनी बोइंग ७०७ या मार्गांवर आले, आणि मे १९६० मध्ये एअर-इंडियाने आपल्या ७०७ विमानांनी मुंबई–लंडन सेवा पुढे न्यूयॉर्कपर्यंत नेली. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या पहिल्या पिढ्यांतील अनेकांनी अटलांटिक ओलांडला तो असा. जहाजांचे युग तेव्हा संपत आले होते. "युनायटेड स्टेट्स" या सर्वांत वेगवान प्रवासी जहाजाने १९५२ साली महासागर पूर्वेकडे ३ दिवस १० तास ४० मिनिटांत आणि पश्चिमेकडे ३ दिवस १२ तास १२ मिनिटांत ओलांडला होता. फ्रँकलिन यांच्या तक्रारवहीतला फरक तिथेही शिल्लक होताच!

आता एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. १९१९ ते १९५८ या चाळीस वर्षांत हा प्रवास दिवसांवरून तासांवर आला, आणि त्यानंतरच्या साठांहून अधिक वर्षांत तो जवळजवळ आहे तिथेच आहे. ७०७ च्या काळात सात-आठ तास, आजही सात-आठ तास. ध्वनीच्या वेगाच्या जवळ गेले की पंखांवर आघाततरंग तयार होतात आणि हवेचा रोध एकदम वाढतो, म्हणून प्रवासी विमाने ध्वनिवेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपासच राहतात. या मार्गावर ही मर्यादा एकट्या कॉन्कॉर्डने ओलांडली. नोव्हेंबर १९७७ पासून २००३ पर्यंत हे विमान लंडन–न्यूयॉर्क प्रवास साडेतीन तासांत करी. त्याचा वेग त्या अक्षांशांवरच्या पृथ्वीच्या वेगाच्या जवळपास दुप्पट असल्याने, लंडनहून सूर्यास्तानंतर निघालेल्या प्रवाशांना वाटेत सूर्य पश्चिमेकडून पुन्हा वर येताना दिसू शके. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने न्यूयॉर्कहून लंडनला २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत जाऊन विक्रम केला, अर्थात पाठच्या वाऱ्याची मदत घेऊनच. पण त्याची इंधनाची भूक अफाट होती आणि तिकीट मोजक्यांनाच परवडे. वेग वाढवण्यापेक्षा इंधन वाचवणे विमान कंपन्यांना अधिक किफायतशीर वाटले.

अंतरही कधीकधी नियमांनी ठरते. दोन एंजिनांच्या विमानाने, एक एंजिन बंद पडल्यास तासाभरात गाठता येईल अशा विमानतळापासून लांब जाऊ नये, असा अमेरिकेत १९५३ पासून नियम होता. त्यामुळे अशा विमानांना ग्रीनलंड, आइसलंडकडून वळसा घ्यावा लागे, किंवा त्या मार्गावर जाताच येत नसे. एंजिने अधिक भरवशाची झाल्यावर १९८५ साली ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली, आणि दोन एंजिनांच्या विमानांसाठी अटलांटिक एका फटक्यात अरुंद झाला. आज या मार्गावर बहुतेक दोन एंजिनांचीच विमाने दिसतात.

दोऱ्याचा मार्गही आता नेहमी वापरला जात नाही. समुद्रावरचे मार्ग दररोज नव्याने आखले जातात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे मार्ग स्कॉटलंड-आयर्लंडच्या बाजूचे नियंत्रक झोतवारा टाळून आखतात, पूर्वेकडे जाणाऱ्यांचे गँडरचे नियंत्रक तो पकडून आखतात. दिवसा बहुतेक विमाने पश्चिमेकडे जातात आणि रात्री पूर्वेकडे. नकाशावर शंभर-दोनशे कि.मी. जास्त पडले तरी चालेल, पण हवेतून कमी चालावे, हा त्यामागचा हिशेब. फोल्जर यांच्या कप्तानांचा हाच हिशेब होता.

वारा किती साथ देऊ शकतो, हे ९ फेब्रुवारी २०२० च्या पहाटे दिसले. "कियारा" वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. वाटेत जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३२७ कि.मी. पर्यंत गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी १,०६० कि.मी.च्या आसपास असतो. मग या विमानाने ध्वनीची भिंत ओलांडली का? नाही, कारण भोवतालच्या हवेच्या सापेक्ष ते नेहमीसारखेच, ध्वनिवेगापेक्षा कमी वेगाने जात होते. हा प्रश्न अकरावीच्या वर्गाला विचारून पाहावा.

आणि शेवटी आणखी एक. येताना वाऱ्याने जेवढा वेळ वाचतो तेवढाच जाताना वाया जातो, म्हणजे जाऊन-येऊन हिशेब सारखाच, असे सहज वाटते. करून पाहू. विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी., वारा ताशी १०० कि.मी. जाताना ५,५४० ला ८०० ने भागले की ६ तास ५५ मिनिटे. येताना १,००० ने भागले की ५ तास ३२ मिनिटे. बेरीज १२ तास २७ मिनिटे. वारा मुळीच नसता तर लागले असते १२ तास १८ मिनिटे. नऊ मिनिटे तोटा! समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून नुकसान नेहमी फायद्याहून मोठे असते, आणि वारा जितका जोरदार तितका हा तोटा वाढतो. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे पॉल विल्यम्स यांनी २०१६ साली नेमका याच मार्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास या मार्गावरचा हिवाळ्यातील झोतवारा बळावेल, पूर्वेकडचे प्रवास आणखी लहान आणि पश्चिमेकडचे आणखी लांब होतील, असे त्यांचे गणित सांगते. दर फेरीमागे होणारा तोटा जेमतेम सव्वा मिनिटाचा, पण अटलांटिकवरच्या सर्व विमानांचा मिळून तो वर्षाला सुमारे दोन हजार तासांचा भरतो. तेवढे तास जादा इंधन जळेल, आणि त्याचा धूर पुन्हा त्याच हवेत जाईल.